पुण्यातलं चार दिवसांचं लग्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेकीचं लग्न डिसेंबरात झालं, त्याच्या दोन वर्षं आधी भाच्याचं. दोन्ही पुण्यात, दोन्ही चार-चार दिवसांची. तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कुणाकडे कार्य निघालं की मला फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. रीती घरोघरी वेगळ्या असतात. तुमच्या घरच्या मोठ्यांचा शब्द आधी, माझा नंतर.

चार दिवसांत काय काय बसवायचं?

आमच्याकडे असं होतं. पहिल्या दिवशी सकाळी घरीच ग्रहमख (नवग्रहांची पूजा), मुहूर्त करणं, घाणा भरणं. संध्याकाळी हिरव्या बांगड्या आणि मेंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद, संध्याकाळी कार्यालयात सीमांतपूजन (म्हणजे सीमेवर मुलाकडच्यांचं स्वागत), वाङ्‌निश्चय आणि रात्रीचं जेवण. तिसऱ्या दिवशी लग्न. चौथ्या दिवशी मुलाकडे सत्यनारायण. ज्यांच्याकडे गोंधळ किंवा जागरण आहे त्यांना अजून एक रात्र लागते.

दिवस वाढवायचे ते कार्यं वाढवण्यासाठी नाही, माणसांना दम खाता यावा म्हणून. मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: एका दिवसाला एकच मोठं कार्य, आणि रोज दुपारी दोन ते चार घर मोकळं. त्या दोन तासांत फोटोग्राफर नको, पार्लरवाली नको, कुणाचं केळवणही नको. पंखा लावून आडवं व्हायचं.

भाच्याच्या वेळी आम्ही हे केलं नाही. सकाळी हळद, दुपारी मेंदी, रात्री संगीत, सगळं एकाच दिवशी. संगीत संपायला मध्यरात्र उलटली. माझ्या मोठ्या बहिणीने भाच्यासाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती, दोन महिने चाल बसवत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा आवाज पार बसला. मीठ घातलेलं गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग झाला नाही. शेवटी धाकट्या जावेने तो कागद घेऊन वाचला, आणि ताई अक्षता हातात धरून नुसते ओठ हलवत उभी होती. संगीत आदल्या दिवशी ठेवलं असतं तर ती गायली असती.

हळद दोन्ही घरी वेगवेगळी असेल तर वेळ कशी जुळवायची?

मुलाची हळद आधी, मग तीच उष्टी हळद मुलीकडे. म्हणजे मुलाकडचे आठला सुरू झाले तर मुलीकडे साडेदहाच्या आत धरू नका. एक घर हडपसरला आणि दुसरं कोथरूडला असेल तर नुसत्या प्रवासाचाच तास-सव्वा तास. हळद घेऊन येणाऱ्या करवल्यांना आल्याआल्या नाश्ता द्या, त्या पहाटेपासून उपाशी असतात.

तारीख कधीची धरावी?

पंचांग एकदा हवामानाच्या आणि एकदा शहराच्या नजरेनेही वाचा.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, कार्तिकीला संपतो. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात आणि मग माणसांची. चातुर्मासातही गौण किंवा आपत्कालीन मुहूर्त पंचांगात दिलेले असतात. परदेशातल्या मुलांची सुट्टी ऑगस्टातच असेल तर गुरुजींशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. गुरू-शुक्राच्या अस्तातही लग्नं टाळतात, ते दिवस विचारून घ्या. अधिकमासात लग्नं लावत नाहीत: २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जूनची सुरुवात त्या वर्षी हातातून गेली. (नव्या जावयाला मात्र अधिकमासाचं वाण मिळतं, ३३ अनारशांचं. त्याची तयारी आत्तापासून ठेवा.)

हवामानाचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत दिवस सुरेख असतो, पण पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो. उघड्या लॉनवर रात्रीचं जेवण असेल तर आजी-आजोबांना शाली आणि टेबलाजवळ आडोसा हवाच. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन आणि चारनंतर वळवाची भीती. वळीव आला की मांडवाचं कापड पाणी धरून खाली येतं. उन्हाळ्यात लॉन घ्यायचं तर शेजारी छत असलेला हॉल त्याच भाड्यात मिळतो का ते आधी विचारा.

शहराचं म्हणाल तर गणेशोत्सवाचे दहा दिवस पेठांमध्ये काहीही ठेवू नका. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हाही बरेच रस्ते बंद असतात. ते दोन-तीन दिवस पाहुण्यांना वारीचं दर्शन घडवायला सुंदर, वरातीला नाहीत.

कार्यालय की लॉन? आणि ठरवताना काय विचारायचं?

दोनशे-अडीचशे माणसं आणि विधी शांतपणे व्हायला हवे असतील तर कार्यालय. पाचशेच्या पुढे, गाड्या भरपूर, संध्याकाळचं स्वागत, तर लॉन. म्हात्रे पुलाजवळचा डीपी रस्ता, सिंहगड रस्ता, कर्वेनगर, बाणेर, वाघोली अशा भागांत लॉन आहेत, पण दाट मुहूर्ताच्या दिवशी ती सगळीच भरलेली असतात, आणि रस्ताही. पेठेतलं जुनं कार्यालय मला मनापासून आवडतं. तिथे दगडी अंगण असतं, मागे मोठं स्वयंपाकघर असतं, सनई घुमते. पण गाडी लावायला जागा नसते, हे पाहुण्यांना पत्रिकेबरोबरच कळवा.

विचारायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण सगळ्यात महत्त्वाचा ताबा. आमच्या पावतीवर ताबा संध्याकाळी पाचचा होता. सीमांतपूजन साडेसहाला. आम्ही पावणेपाचला दारात पोहोचलो तर आत आधीच्या मंडळींच्या गाद्या अजून पसरलेल्या, स्वयंपाकघरात त्यांची भांडी, आणि मॅनेजर म्हणतोय, अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासाचे सव्वादोन तास झाले. मी चांदीचं ताम्हन आणि पूजेची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातच बसले होते. सहाच्या सुमाराला व्याही मंडळी आली. नवऱ्या मुलाला फाटकाबाहेर उभं ठेवायची वेळ आली. माझ्या वन्संनी फळांच्या टोपलीवरचा पंचा काढला, फुटपाथवर अंथरला, स्टीलच्या डब्याच्या झाकणात हळद-कुंकू काढून विहीणबाईंना तिथेच लावलं आणि म्हणाल्या, "सीमेवरचंच पूजन आहे, आपण खरोखरच सीमेवर आहोत." विहीणबाई हसल्या म्हणून निभावलं. पण त्या दिवशी माझे हात थरथरत होते ते मी विसरलेले नाही.

म्हणून पावतीवर लिहून घ्या: ताबा किती वाजता, आधीचं कार्य किती वाजता संपतंय, उशीर झाला तर भाड्यात काय वजावट. आणि तुमचं पहिलं कार्य ताब्यानंतर किमान अडीच तासांनी ठेवा. बाकी: वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, जनरेटर कुणाचा, आचारी आपला चालतो की त्यांचाच घ्यावा लागतो, खोल्या किती आणि गाद्या किती, अनामत कधी परत, सांगितलेली रक्कम जीएसटी धरून की वगळून. होमाला आत परवानगी आहे का हेही विचारा. वातानुकूलित हॉलमध्ये धुराचे सेन्सर असतात आणि लाजाहोमाच्या वेळी गजर झालेला मी स्वतः ऐकला आहे.

हिवाळ्यात एक प्रश्न सगळे विसरतात: गरम पाणी. मुक्कामाला साठ माणसं, सकाळी पाच ते सात सगळ्यांच्या अंघोळी, आणि गच्चीवर फक्त सोलर. पहिल्या पंधरा जणांनंतर पाणी गार. गीझर किती आहेत ते मोजून या.

चारशे माणसांचं लग्न म्हणजे ताटं किती?

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. चारशे हा आकडा फक्त लग्नाच्या दुपारचा असतो. चार दिवसांचा हिशोब असा मांडून बघा: मेंदीच्या रात्री ६०, हळदीच्या दुपारी ८०, सीमांतपूजनाच्या रात्री १५०, लग्नाला ४००, सत्यनारायणाला १००. ही ७९० ताटं झाली. शिवाय लग्नाच्या सकाळचा नाश्ता १२० जणांचा, आणि चहा किती वेळा ते देवालाच ठाऊक. म्हणजे डोक्यात चारशेचं लग्न, खिशातून जवळजवळ दुप्पट. हे आधी कागदावर उतरवलं की मेंदीला घरचं पिठलं-भाकरी करायची बुद्धी होते.

केटरर ठराविक ताटांची हमी मागतो. हमीचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमीच द्या आणि वरच्या ताटांचा दर आधी ठरवून घ्या. शेवटचा आकडा तीन-चार दिवस आधी सांगावा लागतो, म्हणून आठवडाभर आधी कुणीतरी एकाने बसून फोन करायचे. "नक्की येताय ना?" असं नाही विचारायचं, ते लोकांना लागतं. "गाडीची सोय करायची आहे, किती जण?" असं विचारलं की खरा आकडा कळतो.

वाढपी, फोटोग्राफर, सनईवाले, ड्रायव्हर, सजावटीची मुलं, गुरुजी यांची ताटं वेगळी धरा. आमच्याकडे ती २८ झाली. ती माणसं सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात उशिरा जेवतात, त्यांचं अन्न गरम वाढलं जाईल असं बघा.

पंगत की बुफे?

लग्नाच्या दुपारी चारशे माणसांना बुफे, पर्याय नाही. पण सीमांतपूजनाच्या रात्री किंवा व्याहीभोजनाला एक पंगत जरूर बसवा. केळीचं पान, रांगोळी, उदबत्ती, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर-पंचामृत, उजवीकडे अळूची भाजी आणि बटाट्याची भाजी, मध्ये वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तूप. मग मसालेभात, जिलबी, मठ्ठा. दोन घरांची माणसं समोरासमोर बसून जेवली की जी ओळख होते ती हातात प्लेट धरून उभ्याने होत नाही. आमच्या विहीणबाईंना पंचामृत आवडतं हे मला त्या पंगतीत कळलं. आता दर खेपेला मी त्यांच्यासाठी बाटली भरून पाठवते.

चार दिवस पाहुणे जड जेवतात, तेव्हा एका रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड ठेवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा मागून घेतलं गेलं ते हेच. पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा जिलबी समोर तळून गरम मिळेल असं बघा.

उरलेलं अन्न न्यायला येणाऱ्या संस्था शहरात आहेत. त्यांना आदल्या दिवशीच फोन करून अंदाजे वेळ सांगा. दुपारी चारला, अन्न गार झाल्यावर धावाधाव करून जमत नाही.

खर्च कुणी करायचा? मानपानाचं काय?

आता बहुतेक घरांत निम्मा-निम्मा करतात आणि तेच योग्य आहे. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" हे वाक्यही मला हुंड्याच्या मागणीसारखंच ऐकू येतं. तिथे मुलीच्या आईवडिलांनी थांबून विचार करावा.

पूर्वी याद्या करत. ती पद्धत चांगली होती, फक्त यादीत साड्या आणि भांडी असत. तुम्ही यादी कामांची करा. दोन्ही घरचे बसा, कोण काय बघणार आणि कोण कशाचे पैसे देणार ते एका कागदावर लिहा, दोघांकडे एक-एक प्रत. मानाच्या साड्या सरसकट बंद करता आल्या तर उत्तम. आम्ही फक्त दोन्ही आज्या, मामी आणि आत्या एवढ्यांचा मान ठेवला, बाकी कुणाला काही नाही, आणि हे पत्रिका छापायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं. एकजण रुसल्या. लग्नाला आल्या, मंगलाष्टकांच्या वेळी रडल्याही.

गुरुजी कसे ठरवावेत? विधी कमी करता येतात का?

येतात, आणि अर्थ समजून केले तर कमी विधीही पुरतात. पुण्यात यासाठी निवड भरपूर आहे. १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीतून तयार झालेले पुरोहित संस्कृत मंत्रांबरोबर मराठीत अर्थ सांगत लग्न लावतात आणि त्यांत स्त्रियाही आहेत. लेकीचं लग्न एका स्त्री पुरोहितांनी लावलं. सप्तपदीचं प्रत्येक पाऊल त्या आधी समजावून सांगत होत्या, तेव्हा माझे सासरे, वय ८४, खुर्ची पुढे ओढून बसले. इतक्या लग्नांना गेलो, हे पहिल्यांदा कळतंय, असं ते म्हणाले.

याच पुण्यात महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाअखेर भटजींशिवायचं सत्यशोधक लग्न लागलं. त्या पद्धतीनेही आज लग्नं होतात. मुलांना तसं हवं असेल तर घरच्यांनी अडवू नये.

गुरुजींशी दोन गोष्टी आधी ठरवा. एक, घटिका. मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा असेल तर गौरीहर (मुलीने लग्नाआधी करायची पूजा) किती वाजता, मुलीला मामा बोहल्यावर कधी आणणार, हे उलटं मोजत लिहून घ्या. पार्लरवालीला त्याच्या तासभर आधीची वेळ सांगा. दुसरी, अक्षता पडल्या की लोक जेवायला धावतात आणि कन्यादान, सप्तपदी रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. आम्ही पहिल्या दोन रांगांत बसणाऱ्या चाळीस माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं की तुमचं जेवण सप्तपदीनंतर, ताटं राखून ठेवली आहेत. एकही उठलं नाही.

नवरा-नवरी तोपर्यंत उपाशी असतात. करवलीच्या पिशवीत लिंबू सरबताची बाटली, राजगिऱ्याचे लाडू आणि स्ट्रॉ ठेवा. स्ट्रॉ कशासाठी ते लिपस्टिक लावलेल्या मुलीला विचारा.

पूजेचं सामान नेमकं वेळेवर सापडत नाही. काय करावं?

एका विधीला एक पिशवी. कापडी पिशव्या घ्या, प्रत्येकीवर जाड अक्षरांत नाव: ग्रहमख, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, लग्न, कानपिळी, लक्ष्मीपूजन. लग्नाच्या पिशवीत अंतरपाट, मुंडावळ्यांचे दोन जोड, जोडवी, उपरणं, शेला, लाह्या, तूप, नारळ, खण, सुपाऱ्या, हळकुंडं. प्रत्येक पिशवीत तिची यादी, आणि दक्षिणेची पाकिटं आत नाव घालून तयार. या पिशव्या एकाच माणसाच्या ताब्यात, आणि तो माणूस आई किंवा बाबा नको. आमच्याकडे माझा धाकटा दीर होता. चार दिवस त्याच्या खांद्यावर पिशवी आणि गळ्यात किल्ल्या.

मंगळसूत्र मात्र त्याच्याकडे नको. ते मुलाच्या आईच्या पर्समध्ये, आणि दिराकडे फक्त "मंगळसूत्र विहीणबाईंकडे" अशी चिठ्ठी.

बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय?

नागपूर, कोल्हापूर, नाशिकहून येणारे चार दिवस राहणार, म्हणजे ते पाहुणे कमी आणि घरचे जास्त. त्यांना कार्यालयाच्या जवळ ठेवा. शहराच्या दुसऱ्या टोकाची चकचकीत खोली कामाची नाही. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशी मेट्रो आता सुरू आहे, त्यामुळे कर्वे रस्त्यावर नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेज स्थानकाजवळ मुक्काम असेल तर तरुण मंडळी आपली आपण फिरतात. ज्येष्ठांसाठी मात्र गाडी आणि ड्रायव्हरचा नंबर त्यांच्या खोलीच्या दारावर चिकटवा. खाली औषधांच्या दुकानाचा नंबर.

खरेदी कुठे आणि कधी?

साड्या लक्ष्मी रस्त्यावर, बाकीचं बारीकसारीक तुळशीबागेत, आणि घाऊक काही हवं असेल तर रविवार पेठ, बोहरी आळी. मंडईचं मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी लावायचा त्रास गेला. शालू लवकर घ्या, कारण ब्लाउज शिवणाऱ्यांना लगीनसराईत दोन महिने लागतात. अष्टपुत्री (लग्न लागताना नेसायची पिवळी साडी) मामाकडून येते, तिचा ब्लाउजही आधी मागून घ्या.

फुलं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात. डिसेंबरात गजरे मोगऱ्याचेच हवेत असा हट्ट धरलात तर दुप्पट-तिप्पट पैसे जातात. निशिगंध आणि शेवंतीचे गजरेही देखणे दिसतात.

रुखवत हवंच का?

मुलीला, मावश्यांना करायची हौस असेल तर हवं. विकत आणून मांडायचं असेल तर नको.

ढोल-ताशा, डीजे, वरात?

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि नदीकाठच्या लॉनवर पोलीस येतात. दहाला संपवायचं म्हणजे साडेनऊला शेवटचं गाणं. रस्त्यावरून वरात काढायची तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्या. ढोल-ताशा पथक बोलवाल तर फाटकाबाहेर, अर्धा तास. हॉलच्या आत तो आवाज तान्ह्या बाळांना आणि हृदयविकाराच्या माणसांना सोसत नाही. सनई-चौघडा मात्र सीमांतपूजनापासून असावा. रेकॉर्डवरची सनई आणि समोर बसून वाजवलेली सनई यांत फार फरक आहे.

गोंधळ आणि जेजुरी कधी?

घरचं कुलदैवत खंडोबा असेल तर जागरण, वाघ्या-मुरळीसह. देवी असेल तर गोंधळ: संबळ, तुणतुणं, दिवटी, उसाच्या खोपटीखाली मांडलेला चौक. दोन्ही रात्रभर चालतात, म्हणून लग्नाच्याच रात्री नको. सत्यनारायणाच्या दिवशी सगळे दुपारी झोपून घ्या आणि रात्री गोंधळ ठेवा.

जेजुरी पुण्याहून साधारण ५० किलोमीटर. नव्या नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायची रीत आहे, तेव्हा मुलाला आदल्या दिवशी झोप मिळू द्या. रविवार, सोमवती अमावस्या, चंपाषष्ठी टाळा. भंडारा अंगावर पडणारच, नवीन शालू नेसवून नेऊ नका.

लग्नाची नोंदणी केव्हा करायची?

चार दिवसांच्या गडबडीत सगळे हेच पुढे ढकलतात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. उशीर झाला तर जास्त शुल्क. नमुना 'ड' भरायचा, त्यावर गुरुजींची सही लागते, आणि नवरा-बायकोबरोबर तीन साक्षीदार महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात हजर लागतात. गुरुजींची सही लग्नाच्या मांडवातच घेऊन टाका. पत्रिका आणि अंतरपाटानंतरचा हार घालतानाचा एक स्पष्ट फोटो बाजूला ठेवा.

उलट बाजूनेही एक सांगते. नुसती नोंदणी करून ठेवू, विधी पुढच्या वर्षी, असं व्हिसासाठी काहीजण करतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधीशिवाय लग्न होत नाही, प्रमाणपत्र असलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा तारीख ठरवताना तो महिना धरा.

या सगळ्यात मुलीच्या आईने काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून शेवटी मीच घातला.

लग्नाच्या दिवशी आईच्या हातात एकही किल्ली, एकही यादी, एकही पाकीट नको. तिने मुलीजवळ असावं. आमच्या थोरल्या वहिनींचं चार दिवस एकच काम होतं: मी वेळेवर जेवले की नाही ते बघायचं. मला राग यायचा, मी म्हणायचे नंतर जेवते, आणि त्या ताट घेऊन समोर उभ्या राहायच्या. झालीच्या वेळी (मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवतात तेव्हा), डोक्यावर दिवे घेऊन उभी असताना, मला भोवळ आली नाही ती त्यांच्यामुळे.

आणि पाचव्या दिवसाचं ठरवून ठेवा. पाहुणे एकदम निघतात, मांडव उतरतो, मुलीच्या खोलीत नुसते हँगर लोंबत असतात. मी ताईला आणखी दोन दिवस थांबवून घेतलं होतं. आम्ही दोघींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चांदीची भांडी पुसली, मोजली, कापडात गुंडाळून ठेवली. ताम्हनाच्या कडेला हळदीचा डाग राहिला होता. तिचा आवाज त्या दिवशी चांगला होता. भाच्याच्या लग्नात राहून गेलेली ती मंगलाष्टकं तिने मला तेव्हा म्हणून दाखवली, सगळी, शेवटच्या 'शुभ मंगल सावधान'पर्यंत.